जुन्नरच्या दादाला दिवाळीचं कार्ड

त्या दिवाळीत मी वारले.

मुळशीत ते कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही, कारण मी तिथे चकल्या तळत होते. पण जुन्नरला, माझ्या माहेरी, मी गेलेच होते. आणि मला मारणारी दुसरी कुणी नसून मीच होते, तेही शिवणाच्या कात्रीनं. (घाबरू नका. कात्री पोस्टकार्डाला लावली होती, गळ्याला नाही.)

आम्ही तेव्हा मुळशीच्या धरणाकाठी एका वाडीत राहत होतो. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर. इयत्ता चार आणि मास्तर एक. धरणाच्या पाण्यावर वीज तयार व्हायची आणि डोंगर उतरून मुंबईला जायची; आमच्या घरात कंदील. पावसाळा म्हणायला चार महिन्यांचा, पण भिंतींची ओल दिवाळीपर्यंत हटत नसे. कपडे वाळायचे नाहीत, काडेपेटी पेटायची नाही, आणि माणूस एकदा उदास झाला की तोही लवकर वाळायचा नाही. मी तर चार वर्षं उदास होते.

कारण माझा दादा. आई जाऊन वर्ष उलटलं, त्यानंतरच्या दिवाळीत तो भाऊबीजेला आला होता. मी आईच्या पद्धतीनं करंज्या केल्या होत्या. खोबरं तिच्यासारखं भाजलं, खसखस तिच्यासारखी घातली, कातण्यानं कड तिच्यासारखी कापली. दादानं एक करंजी खाल्ली, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, “आईच्या करंजीची सर न्हाई हिला.”

आता हे खरं होतं. तेच तर वाईट! खोटं असतं तर मी हसून सोडलं असतं.

“मग जा आईकडंच खायाला!” मी म्हणाले.

बोलले आणि जीभ चावली, पण शब्द काय परत येतो? दादा पानावरून उठला. पिशवी घेतली, टोपी घातली आणि चालू लागला. अशा वेळी शहाणी बहीण मागे धावली असती. मी दारात उभी राहून ओरडले, “मी मेली तरी येऊ नगंस माझ्या दारात!” (मास्तरांच्या घरी येऊन मी शुद्ध बोलायला शिकले होते, पण राग आला की माझं शुद्ध मराठी आधी पळून जातं.)

दादा आला नाही. एक नाही, दोन नाही, चार भाऊबिजा गेल्या. भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं, म्हणून मी चंद्राला ओवाळू लागले. पण आमच्या पश्चिमेला सगळे डोंगर, आणि बीजेची ती एवढीशी कोर! मी निरांजन पेटवून अंगणात येईपर्यंत ती डोंगराआड. चार वर्षांत दोनदाच गाठ पडली, आणि दोन्ही वेळा चंद्र ओवाळणी न टाकता गेला.

त्या वर्षी यांना पुण्याहून एका मित्राचं छापील दिवाळीकार्ड आलं. वर आकाशकंदील, खाली सोनेरी अक्षरांत अभीष्टचिंतन. आमची शकू आठ वर्षांची आणि बाळ्या पाच. दोघं ते कार्ड उशाशी घेऊन झोपली आणि सकाळी उठून म्हणाली, “आई, आपणही करू या.”

“बरी कल्पना आहे,” हे म्हणाले. “दादाला पाठवा एक. नाहीतर तूच चार ओळी लिही की.”

“मी? मी काय म्हणून? चूक कुणाची?”

“तुझी,” हे म्हणाले. (मास्तर माणूस. उत्तर येत असलं की गप्प बसवत नाही.)

मी लिहिणं शक्यच नव्हतं. पण मुलांनी आपल्या मामाला कार्ड धाडलं तर त्यात माझी माघार कुठे आली? माझं नाक शाबूत आणि दादाला निरोप पोचता! मी यांच्याकडून चार कोरी पोस्टकार्डं मागवली आणि रंगांच्या तयारीला लागले. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, निळीचा निळा, घेवड्याची पानं चुरडून हिरवा. ब्रश म्हणजे काडीला गुंडाळलेला कापूस.

पहिल्या कार्डावर बाळ्या बसला. दुसऱ्यावर नीळ सांडली, आणि उरलेली बाळ्यानं चाखून पाहिली. दोन दिवस तो जीभ काढून वाडीभर दाखवत हिंडला. तिसरं कार्ड शकूनं इतकं खोडलं की त्यातून पलीकडचा बाळ्या दिसू लागला. उरलं एक. ते मामाचं.

“आता हात लावशील तर खबरदार!” मी बाळ्याला म्हणाले आणि त्याला लांब बसवलं. शकूनं कार्ड उभं धरलं आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून चित्र काढलं. हिरव्या लुगड्यातली एक लांबलचक बाई, डोक्याच्या बरोबरीनं हात उंच केलेला, आणि त्या हाताशी पणती.

“ही कोण गं?”

“तू. मामाला ओवाळतेस.”

“मग मामा कुठंय?”

“मामा अजून आला नाही,” शकू म्हणाली.

मी नाक पुसलं आणि चुलीच्या धुराला नावं ठेवली. खरं तर तेव्हा चूल पेटलेलीच नव्हती.

मग मागच्या बाजूला मजकूर. शकूनं लिहिलं, ‘मामा, तुम्ही लवकर या. आम्ही वाट बघतो.’ मग मान वर करून विचारलं, “आई पण वाट बघते, असं लिहू?”

“काही नको!” मी फणकारले. “आईचं नावसुद्धा काढायचं नाही त्यात.”

शकूनं नाव काढलं नाही. गुणी मुलगी. खाली ‘शकू व बाळ्या’ अशी सही झाली. पत्ता मीच टाकला, पण अक्षर ओळखू नये म्हणून मुद्दाम वेडंवाकडं करून. एवढा माझा ताठा!

शेवटी चारी कोपऱ्यांना हळदकुंकू. शुभपत्राला ते हवंच. लांब बसवलेल्या बाळ्याला काहीतरी काम हवं म्हणून मी म्हटलं, “ये, एक बोट तू लाव.” त्यानं बोट न लावता पंजा लावला. कुंकवाची वाटी कलंडली, आणि उजवा कोपरा भिजून त्याचा लाल लगदा झाला. दुसरं कार्ड नव्हतं. बाळ्या रडू लागला, शकू त्याला मारू लागली. मी म्हणाले, “थांबा रे! त्यात काय एवढं?” शिवणाची कात्री घेतली आणि तो कोपरा सफाईनं कापून टाकला.

“झालं! डाग गेला.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

वाडीचं पोस्ट म्हणजे गेनूशेठचं किराणा दुकान. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कार्ड घेऊन गेले. गेनूशेठनं ते हातात घेतलं, आडवं धरून पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मास्तरांच्या बायकोला गावात मान असतो, हे मला ठाऊक होतं. पण इतका असेल असं वाटलं नव्हतं.

“कवा झालं?” त्यानं हळू आवाजात विचारलं.

“काल संध्याकाळी.”

“अन् आज लगीच तुमीच आलाय व्हय टाकायला?”

“हे शाळेत आहेत ना.”

“मास्तर शाळंत गेलं?” गेनूशेठ माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “लई घट्ट काळीज तुमचं.” आणि कार्ड दोन बोटांत धरून गुळाच्या ढेपेपासून लांब ठेवलं. मला वाटलं, रंग ओले असतील म्हणून जपतोय.

त्याच्या पुढच्या दिवशी शेजारच्या चंद्राकाकू पिठलं-भाकरी झाकून घेऊन आल्या. मी चकल्यांचा तिसरा घाणा काढत होते. दारातच त्या थबकल्या.

“अगं बया! सुतकात तळण?”

“कसलं सुतक, काकू?”

“कसलं म्हंजी? तुज्या घरची चूल पेटायची न्हाई म्हनून मी भाकरी थापून आनल्या! गेनूशेठ म्हनला, मास्तरांच्या घरनं कोपरा कापल्यालं कार्ड गेलंया.”

झारा माझ्या हातातून कढईत पडला.

आताच्या मुलांना हे सांगावं लागेल. तेव्हा घरात कुणी गेलं की नातेवाइकांना पोस्टकार्ड टाकायचं, आणि त्याचा एक कोपरा फाडायचा. पत्र हातात पडताच माणूस आधी कोपरा बघायचा. कोपरा नसला की उंबऱ्याबाहेरच वाचायचं, वाचून तिथंच फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आई गेली तेव्हा सगळ्या पत्रांचे कोपरे मी माझ्या हातानं फाडले होते. पण हातानं फाडला तो मरणाचा कोपरा आणि कात्रीनं कापला तो टापटिपीचा, असा काहीतरी भेद माझ्या डोक्यात असावा. डोक्यात एरवीही बरंच काही असतं, वेळेवर सापडत नाही एवढंच.

“गेलं कोन पन?” काकूंनी विचारलं.

मी हिशोब करू लागले. कोपरा नाही. अक्षर पोरीचं. ‘मामा, लवकर या.’ आईचं नावसुद्धा नाही. आणि ते चित्र! शकूनं कार्ड उभं धरून काढलं होतं, पण पोस्टकार्ड माणूस धरतो आडवं. आडवं धरलं की हिरवं लुगडं नेसलेली बाई लांबलचक पडलेली, आणि उशाशी दिवा.

“मी,” मी म्हणाले. “काकू, मीच गेले.”

काकूंनी पिठलं खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांचं माहेर धरणात गेलेलं. गाव पाण्याखाली, भाऊ पोट भरायला कुठं कुठं पांगले. गेली कित्येक वर्षं कुणाचा पत्ता नाही.

“मास्तरीनबाई,” त्या म्हणाल्या, “तुजं म्हायेर जमिनीवर हाय. यष्टी जातीया तितं. तरी भांडलीस?”

मी कढईत पडलेला झारा काढू लागले.

हे शाळेतून आले ते तसेच गेनूशेठकडे पळाले. टपालाची थैली आदल्याच दिवशी पौडला गेलेली. “तार करू या,” मी म्हणाले. हे म्हणाले, “तार बघितली की दादांना वाटेल, पाठोपाठ मीही गेलो.” ते खरंच होतं, त्या काळी तारेनं कुणी बरं काही कळवत नसे. शेवटी यांनी दुसरं कार्ड लिहिलं. चारी कोपरे शाबूत, मोत्यासारखं अक्षर, मजकूर असा: ‘सौ. वत्सला हयात आहे, कळावे.’ मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या आल्या. ते कार्ड जुन्नरला देवदिवाळीच्या सुमारास पोचलं.

ती दिवाळी कशी गेली ते माझं मला ठाऊक. मुलं फुलबाज्या उडवत होती आणि मी रस्त्याकडे बघत होते. दादानं टाहो फोडला असेल, वहिनीनं फराळ झाकून ठेवला असेल, या विचारानं जीव कासावीस होत होता. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती, ती मी कुणाला सांगितली नाही. मी मेले असं वाचूनही दादा आला नाही तर? मीच तर तसं बजावलं होतं! लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. कुणी आलं नाही. मी मेले ते मेले, आणि वर माझं दिवसकार्य बघायलाही कुणी नाही. पाडव्याला यांना ओवाळताना मी इतकी रडले की निरांजन दोनदा विझलं.

भाऊबीजेला दुपारी मी मागच्या दारी भांडी घासत होते. पुढून कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला.

ओसरीत दादा उभा होता. दाढी वाढलेली, धोतर धुळीनं लाल. एसटी धरणाच्या अलीकडेच सोडायची, तिथून चालत आलेला. त्यानं दोन्ही पोरांना पोटाशी धरलं होतं आणि ढसाढसा रडत होता. “पोरांनू, मी हाय रं. तुमचा मामा हाय. तुमास्नी काय कमी पडू देनार न्हाई!”

बाळ्यानं त्या मिठीतून कसंबसं तोंड बाहेर काढलं. “मामा, कार्ड आवडलं नाही का?”

“आई मागं भांडी घासतेय,” शकू म्हणाली. “बोलवू?”

दादानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीच्या मनावर परिणाम झालाय, असं त्याला वाटलं असणार. तेवढ्यात राखेनं भरलेले हात घेऊन मी दारात आले. आई गेली तेव्हा आम्हा दोघांचे चेहरे पांढरे पडले होते. त्या दुपारी दादाचा तसा झाला.

“वच्छे?”

“हं.”

“जित्ती हायस?”

“हो.”

“मग कार्डाचा कोपरा?”

“मी कापला. कुंकू सांडलं होतं.”

दादानं डोक्यावरची टोपी काढली आणि खाली बसला. मला वाटलं, आता उठून गळ्यात पडेल. तो उठला आणि ओरडला, “अगं, अक्कल हाय का न्हाई तुला? तिकडं तुजी वैनी दोन दिस चूल पेटवंना! म्या पान्याचा घोट घेतला न्हाई गाडीत!” मीही ओरडले, “मग आधी सगळं वाचायचं होतंस!” तो म्हणाला, “वाचवलं न्हाई! पोरीचं अक्षर बघितलं, ते चित्र बघितलं, अन् फाडून टाकलं!” मी जिवंत निघाल्याबरोबर आमचं भांडणही जिवंत झालं. दादानं टोपी घातली. “हाय न्हवं खुशाल? मग जातो मी.” आणि पिशवी उचलली.

पिशवीचा बंद सुटला. आतून एक हिरवं लुगडं ओसरीवर पडलं. कोरं, घडी न मोडलेलं.

ते कशासाठी होतं ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. सवाष्ण गेली की तिच्या नावानं माहेरचं हिरवं लुगडं द्यावं लागतं. आमची आईही सवाष्णच गेली होती. तेव्हा तिच्यासाठी असंच लुगडं आमच्या मामानं आणलं होतं, आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून ते बघत बसलो होतो.

“वच्छे,” दादा म्हणाला, “सगळ्या बाजारात फिरलो. तुला पोपटी आवडतं म्हनून. पोपटी न्हाई गावलं.”

मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मग मला काही दिसेना. राखेचे हात त्याच्या धोतराला पुसले गेले, तेही नंतर लक्षात आलं.

शकूनं पाट मांडला. मी ओवाळलं. ओवाळणीत टाकायला दादाजवळ त्या लुगड्याशिवाय काही नव्हतं. चंद्राकाकू कुंपणावरून ओरडल्या, “अगं, ते घेऊ नगंस! मयताचं हाय!” मी म्हणाले, “माझ्याच मयताचं आहे ना? मग घेणार कोण, तुम्ही?” आणि तिथेच खांद्यावर टाकलं.

मग करंज्यांचं ताट पुढे केलं. दादानं एक खाल्ली आणि खिडकीबाहेर पाहिलं. मी ताट धरून तशीच उभी.

“बोल काय ते.”

“न्हाई बोलत,” दादा म्हणाला. “परत मरशील.”

“दादा, मी तर म्हटलं होतं, मेले तरी येऊ नकोस.”

“तुजं कवा ऐकलंय मी?” असं म्हणून त्यानं दुसरी करंजी उचलली.

त्यानंतर अकरा वर्षं तो दर भाऊबीजेला आला. दर वर्षी दोन करंज्या खायचा, खिडकीबाहेर बघायचा आणि गप्प राहायचा. ते हिरवं लुगडं मी विरेपर्यंत नेसले.

बाराव्या वर्षी जुन्नरहून कार्ड आलं. कोपरा नव्हता. दादाच्या नातींनी रंगवता रंगवता कापला असेल, असं मी मनाशी म्हटलं, आणि कापलेल्या कडेला कुंकवाचा डाग शोधत किती तरी वेळ अंगणात उभी राहिले. डाग नव्हता. कड हातानं फाडलेली होती.

दहाव्याला मी करंज्या करून नेल्या. नदीवर पिंडाशेजारी एक ठेवली. कावळा शिवेना. समोरच्या झाडावर बसून नुसता बघत राहिला. भाच्यानं हात जोडले, वहिनीनं काय काय कबूल केलं, तासभर झाला, ऊन डोक्यावर आलं. शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, “दादा, कबूल! आईच्या करंजीची सर नाही माझ्या करंजीला. कधीच नव्हती. आता तरी ये!”

कावळा तत्काळ उतरला. भात खाल्ला, दही खाल्लं. करंजीपाशी थांबला, मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं, आणि चोचही न लावता उडून गेला. मेल्यावरसुद्धा दादाची चव बदलली नव्हती.